टोपी

लीग कमिटीच्या कागदावर होतं, 'कमाल मानधन मर्यादा'.
सेक्रेटरींचा जावई ब्रिस्बेनला. तिकडे रग्बीत
प्रत्येक क्लबाच्या पगाराला अशी कॅप असते म्हणे.
कॅप म्हणजे टोपी,
आणि टोपी म्हटल्यावर तालमीच्या कट्ट्यावर
पहिला प्रश्न आलाच : कोण कुणाला घालणार?

मी खजिनदार. बँकेत चौतीस वर्षं
लोकांच्या सह्या ताडून पाहिलेला माणूस.
पोरांना म्हटलं, सोपं आहे रे.
मैदानात कुस्ती लावताना वस्ताद काय बघतो? जोड.
नव्वद किलोच्या गड्यापुढं पंचावन्नचं पोरगं
कुणी सोडत नाही.
तसंच हे. आठ संघ, अठरा-अठरा खेळाडू,
एकेका संघाची बेरीज नऊ लाखांच्या आत.
नाहीतर ज्याच्या मागं साखर कारखाना
त्यानंच दरवर्षी चषक न्यायचा
आणि बाकीच्या पेठांनी दारात उभं राहून
त्यांची हलगी ऐकायची.

पटलं, म्हणाली पोरं. मग इमेकाच्या खोलीचं भाडं?
धरायचं.
सुशांतला मिळालेली बुलेट?
धरायची, शोरूमच्या भावानं.
सुशांतच्या बहिणीला अध्यक्षांच्या पतपेढीत
लागलेली नोकरी?
इथं कट्टा गप्प झाला.
कुणीतरी उगाच चप्पल झटकली.

मेढेबाई, सी.ए., ताराबाई पार्क.
त्यांनी तीही धरली, हिरव्या शाईनं.
नऊ लाख एकतीस हजार.
वरच्या एकतीस हजारांपायी दोन गुण कापणार,
नाहीतर एक माणूस.

माणूस म्हणजे अझर मुजावर.
शाळेच्या खाकी चड्डीत तालमीत आला,
तेरा हंगाम बॅकला उभा.
हेड मारून मारून कपाळावर
चेंडूची शिवण उमटलीय, अशी आमची थट्टा.
चाळीस हजार होते त्याच्या नावापुढं.
रात्री घरी आला. चहा घेतला नाही.
"काका, माझ्या नावाम्होरं शून्य लिवा.
फुकट खेळतो. आजवर काय पैशासाठी खेळलोय व्हय?"

लिहिलं.
इतकं गोल शून्य मी आयुष्यात काढलं नव्हतं.

बाईंनी नियम एकोणीस दाखवला :
बाजारभावाहून कमी घेणाऱ्याचा
बाजारभावच धरावा.
नाहीतर उद्या सगळेच फुकट खेळतील
आणि अंधार पडल्यावर पाकिटं फिरतील.
चूक काय त्यात? त्यांच्या खुर्चीत मी असतो
तर हेच लिहिलं असतं.
फक्त, माझं शून्य खोडून त्यांनी जो आकडा लिहिला,
अंदाजित मूल्य, पंचेचाळीस हजार,
तो वाचताना कळलं,
आम्ही त्याला पाच हजार कमीच देत होतो.

जानेवारीत अझर पिवळ्या जर्सीत.
पलीकडच्या पेठेच्या टोपीत जागा होती.
शाहू स्टेडियमवर, शेवटच्या दहा मिनिटांत
सुशांतचा खात्रीचा गोल
त्यानं रेषेवरून बाहेर काढला. त्याच कपाळानं.
आमच्या गॅलरीनं शिव्या घातल्या,
आईवरून नाही, तेवढं पाळलं.
शून्य-शून्य. कुस्ती बरोबरीत सुटली.
नियम बरोबरच होता, जोड लागली होती.
हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय,
अधूनमधून काढून वाचतो.

त्या रात्री गंगावेशीत, म्हशींच्या कट्ट्यावर
अझर एकटाच.
हातात धारोष्ण दुधाचा ग्लास, मिशीला फेस.
बोललो काहीच नाही. त्याचे पैसे मी दिले.
प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूस
आमच्या खजिनदाराकडून लाभ,
रुपये चाळीस.
कुठल्या रकान्यात धरायचे, बाई?

नोंद केलेली नाही.