सहा बांगड्या

रात्री दोनला उम्म जासिम उठून बसते
आणि मला नूरा म्हणते.
नूरा तिची मुलगी. वारली त्याला अकरा वर्षं झाली,
हे सुनेनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
औषधांच्या यादीबरोबर.

मी एस्तर. नेवासा तालुक्यातली,
मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी शिकलेली,
मुहर्रकच्या या अरुंद गल्लीत
एका म्हातारीची रात्र सांभाळते.

आज तिनं उशीखालून बटवा काढला
आणि सहा बांगड्या माझ्या हातात चढवल्या,
एकेक, हाडं दाबत, कासाराच्या सफाईनं.
लग्नाला या घालून ये, असं काहीतरी म्हणाली.
अरबी मला कामापुरतीच येते,
देणं मात्र कळतं.

सोनं गार लागेल असं वाटलं होतं.
त्यात तिच्या अंगाची ऊब होती.

मोजलेलं नाही कुणी.
सून म्हणते, ही काय कुठं लपवते,
आम्ही शोधणं सोडलंय.
आणि तिकडं शांतवनचा फोन:
ताई, डायलिसिस आठवड्याला तीनदा केलंय,
पतसंस्थेचा माणूस येतो, चहा घेतो,
बोलत नाही काही. नुसता बसतो.

मी हिशेब केला.
खोटं कशाला बोलू, आधी हिशेबच केला.
दोन बांगड्यांत पतसंस्था.
तिसरीत आणि चौथीत वर्षाची इंजेक्शनं.
पाचवीशी मन म्हणालं,
एस्तर, हे तर देवानंच दिलं!

तिथं दचकले.
सैतान शिंगं लावून येत नाही हे ऐकून होते;
तो माझ्या वडलांच्या आवाजात,
उपकारस्तुती करत येईल
हे ठाऊक नव्हतं.

न्हाणीत गेले. वॉशिंग मशीनशेजारी
ओल्या फरशीवर गुडघे टेकले.
हात जोडले तर बांगड्या वाजल्या.
पुन्हा जोडले, पुन्हा वाजल्या.
आमच्या बापा म्हणून सुरू केलं,
भाकरीची ओळ सरळ गेली,
क्षमेचीही गेली,
परीक्षेच्या ओळीशी जीभ अडली,
जाड शिवणीवर सुई अडते तशी.
परत पहिल्यापासून. परत तिथंच.
गावातल्या कॉटेज मीटिंगला हरिश्चंद्रकाका
तासभर प्रार्थना करायचे, आम्ही पोरं
डोळे किलकिले करून चिवड्याकडं बघायचो.
आज मला दहा शब्दांची ओळ ओलांडत नव्हती.

प्रकाश पडला नाही. वाणी झाली नाही.
मशीनचं धुणं संपलं, ते तीनदा वाजलं.
साक्ष द्यायची वेळ आली तर
प्रभूनं बळ दिलं असं मी म्हणेनही,
सगळेच म्हणतात.
पण त्या रात्री बळबीळ नव्हतं.
वेळ गेला, एवढंच झालं.
मोहाला घाई होती
आणि मी त्याला फरशीवर
पाऊण तास बसवून ठेवलं.

पाचव्यांदा ती ओळ तोंडातून निघाली.
सुंदर नव्हे. उलटी निघते तशी.

मग साबण. पाच सुटल्या.
सहावी अंगठ्याच्या हाडाशी अडून बसली,
कातडी सोलून घेऊन गेली.

पहाटेची बांग झाली. सून पाण्याला उठली.
तिच्यासमोर ओट्यावर मोजल्या:
वाहिद, थनेन, थलाथा...
डोस देऊन देऊन आकडे तेवढे चोख येतात.
तिनं बटवा घेतला, माझ्या हाताकडं बघितलं,
बर्नॉलची ट्यूब ठेवून गेली. शब्द नाही.

नूरा, बांगड्या? म्हातारीनं विचारलं.
ठेवल्यात, युम्मा. जागेवर ठेवल्यात.

नंतर शांतवनला फोन लावला.
बांगड्यांचं सांगितलं नाही.
त्याला आज सुई लागणार होती, हप्ता तसाच होता,
नऊ वाजता तो माणूस चहाला येणार होता.
म्हटलं, डोळे मीट.
मी प्रार्थना केली, छोटी, रेंज जायच्या आत.
संपवून गप्प बसले.
समुद्रापलीकडून त्याचं आमेन
जरा उशिरानं आलं,
आणि मागं कुणीतरी आधण ठेवत होतं.