तक्रार या रकान्यात

मिरजेत, स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत,
पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही,
अकरा वर्षं मी नावं लिहून घेते.
नाव, गाव, वय, वजन,
शुगर आहे का, तंबाखू खाता का,
आणि शेवटचा रकाना : तक्रार.

तिथं आली की माणसं थांबतात.
आधी पंख्याकडं बघतात, मग माझ्या पेनाकडं.
पोटात दुखतंय म्हणायला किती सोपं असतं.

बेडगच्या चंपाबाई बिरनाळे कान धरूनच जिना चढल्या.
झुब्यांच्या वजनानं दोन्ही पाळ्या चिरून लोंबत होत्या.
"शिवल्यावर परत सोनं घालाय येतंय न्हवं?"
येतंय मावशी, तीन महिन्यांनी, पण हलकं.
"हलकं घालायचं तर शिवू कशाला?"
असं म्हणाल्या, आणि रुमालाची गाठ सोडून
पैसे मोजायला बसल्या.

तासगावचा पोरगा, बेदाण्याच्या शेडवरून थेट,
शर्टावर जर्किन, तेही मे महिन्यात.
बोलला नाही. रजिस्टर स्वतःकडं ओढून लिहिलं : छाती.
खाली बारीक अक्षरात :
आईला कळेल का?

हळदीच्या पेठेतले दलाल, बोटं अजून पिवळी,
पुढच्या केसांचा भाव विचारतात, मग मागच्यांचा,
मग दोन्ही मिळून काही कमी होतंय का.
अठ्ठावीसला लग्न आहे, तोवर उगवतील ना?
कुणाचं लग्न?
मुलीचं.

टाके सातव्या दिवशी. सूज तीन आठवडे. उन्हात टोपी.
उत्तरं मला पाठ आहेत, तरी मी देत नाही,
आत पाठवते. डॉक्टर मगदूमबाई कागदावर चित्र काढून सांगतात.
डाग जाईल का? पुसट होईल.
पुसट म्हणजे लांबून, की जवळून?
यावर बाई पेन खाली ठेवतात.

दुखेल का, हे सगळ्यात शेवटी विचारतात,
दाराची कडी हातात धरून.

शनिवारी नाहिदा सतारमेकर आली, सोबत आठ वर्षांची लेक.
नाक पुण्यात करून घेतलेलं, लग्नाआधी,
सरळ, बारीक, कुणीही छान म्हणावं असं.
तिला जुनं परत हवं होतं.
बाई म्हणाल्या, बरगडीची कूर्चा घ्यावी लागेल,
दुसऱ्यांदा उघडलेलं नाक हट्टी असतं,
जुन्यासारखं करता येईल, जुनं नाही.
जुना फोटो आहे का?
"नाही. सगळे मीच फाडले."

आत थोडा वेळ फक्त कूलर.

मग नाहिदा म्हणाली,
"ही रोज आरशासमोर उभी राहून विचारते,
अम्मी, माझं हे नाक कुणाचं?
अब्बूचं नाही, दादीचं नाही, तुझं तर नाहीच."

मगदूमबाईंनी पोरीला खिडकीशी उभं केलं,
हनुवटी वर, डावीकडं, आता उजवीकडं,
आणि तिच्या नाकाचे चार फोटो काढले.
हिचं अजून वाढायचंय, म्हणाल्या, पण अंदाज येतो.
पोरीला हसू आवरेना. त्या नाकावर मधोमध
एक छोटा उंचवटा आहे, हसली की चमकतो.

बाहेर येऊन मी रकान्यात लिहिलं : नाक.
खोडलं. लिहिलं : नाक (आधीचं).
तेही बरोबर वाटेना. तसंच ठेवलं.

आई पैसे भरत होती. पोरगी टेबलाला टेकून
माझ्याकडं टक लावून बघत होती. तशी बघणारी
मोठी माणसं नजर चोरतात, मुलं चोरत नाहीत.
"तुमचा ओठ असा का?"
फाटलेला होता, तीन महिन्यांची असताना शिवला.
बाई दरवर्षी म्हणतात, ये, नीट करून देते, फुकट.
मी म्हणते, दिवाळीनंतर.
"दुखतो?"
नाही गं. हसले की जरा ओढतो.

तिनं विचार केला, खरोखर केला,
कपाळाला आठी घालून.
"मग आत्ता का हसलात?"