नववी 'ब' मधला प्रश्न

अँटॉप हिलच्या पालिका शाळेत
मला बोलावलं होतं, मुलींना प्रेरणा द्यायला.
फळ्यावर माझं नाव, रंगीत खडूंनी,
वेलांटी चुकलेली.
भाषण पाठ करून गेले होते:
आकाश, झेप, पंख.
पंखांपाशी आले आणि दुसऱ्या बाकावरून
एक हात वर झाला.

"मॅडम, साइटवर संडास असतो का?"

वर्ग फिसकन हसला.
बाईंनी डोळे वटारले, घाडीगावकर, खाली बस.
ती बसली नाही.

मी पंख गुंडाळून पर्समध्ये ठेवले.

नाही, म्हटलं. निदान माझ्या वेळी नव्हता.
माहीमच्या अलीकडे, बोगद्यासाठी खणलेला खड्डा,
खोली चोवीस मीटर.
एकशे अठरा पुरुष आणि मी.
सकाळपासून पाणी प्यायचे नाही,
दुपारी हेल्मेटखाली डोकं ठणकायचं.
नाक्यावरच्या उडप्याकडे जाऊन रोज एक चहा मागायचे.
चहा नकोच असायचा.
मुकादम म्हणायचा, बाईमाणूस खाली उतरलं
की दगड रुसतो.

दगड काही रुसला नाही.
दगडाची आणि माझी जुनी ओळख.
आई दाणाबंदरात डाळ निवडायची,
पोत्यामागे पैसे.
शनिवारी मी तिच्या शेजारी, मांडीवर छोटं सूप.
ती सांगायची, डोळ्यांनी नको, बोटांनी बघ.
खडा गार लागतो. डाळ गार लागत नाही.

पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत
एकावर एक रचलेल्या पितळी चाळण्या,
मुलगे तक्ता शोधत होते,
मी चिमूटभर माती चोळून म्हटलं, गाळ जास्त आहे.
सर म्हणाले, अंदाज नको. मोज.
मोजला. सत्तावीस टक्के.
तो आकडा वहीत लिहिताना काय वाटलं सांगू?
आईची बोटं मी पहिल्यांदा
कागदावर उतरवत होते.
तिला कुणी कधी म्हटलंच नव्हतं, मोज.

"मग संडासाचं काय झालं?"
घाडीगावकर विषय सोडत नव्हती.

भांडले नाही.
भांडायला हवं होतं बहुतेक.
एका रविवारी घरी बसून नकाशा काढला:
सव्वा मीटर बाय दीड मीटर,
फरशीला उतार, पत्र्याच्या भिंती,
आणि कोपऱ्यात, वेगळी, मोठी करून,
कडी.
आतून लागणारी.
खाली खर्च. त्याखाली सही.
साहेबांनी दोनदा परत पाठवला,
तिसऱ्यांदा वर न बघता म्हणाले, बांधा एकदाचं.
माझ्या हातचं पहिलं बांधकाम ते.
बोगदा नंतर.
आता दोन्ही दिसत नाहीत,
एक जमिनीखाली, एक भंगारात.

फळ्यावर, चुकलेल्या वेलांटीच्या खाली,
तो नकाशा काढून दाखवला.
वाटलं, आता टाळ्या.

घाडीगावकर उठून पुढे आली,
मान तिरकी करून चौकोनाकडे बघत राहिली,
आई सुपाकडे बघायची तशी.
"मॅडम, झरोका राहिला."

राहिला होता.
अकरा वर्षं माझ्या लक्षात आलं नाही.
आत जीव घुसमटायचा, पत्रा पोळायचा,
मी समजायचे, उन्हाळाच कडक आहे.

किती उंचीवर काढशील?
तिने टाचा उचलल्या, हात वर नेला,
थांबली, मग आणखी चार बोटं.
"बाहेरून कुणाला दिसणार नाही.
पण वारा येईल."

खडू टेकवला,
रेघ वाकडी गेली, तिने ती तळव्याने पुसली,
आणि मागे न वळता
वर्गाला म्हणाली,
पट्टी द्या ना गं कुणीतरी.