जात : इतर

पाषाणच्या रोपवाटिकेत वर्षातून दोनच दिवस
देशी रोपं विकायला काढतात.
हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा,
एक डुगडुगतं टेबल, कार्बन घातलेलं पावतीपुस्तक
आणि पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर खडूने :
कोणतंही रोप वीस रुपये. पिशवी परत आणून द्यावी.

सव्वाआठला पोचलो तरी पुढे अकरा जण.
कुणीतरी विचारलं, गुलमोहर आहे?
तान्हूबाई ढेबे मान वर न करता म्हणाल्या,
तो रस्त्यावर हाये की. हितं नाय.

माझ्याकडे यादी नव्हती.
यादी घरी, कपाटात, जुन्या फायलीत.
सहा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचा म्हणून
टेकडीच्या उतारावरची झाडं मोजायचं काम
आमच्या साहेबांनी घेतलं होतं,
आणि टेप धरायला, खुणा करायला, तक्ता भरायला मी.
छातीच्या उंचीवर घेर. अंदाजे उंची. शेरा.
आणि दुसराच रकाना : जात.
गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी मला येत होते.
कडुनिंब तर कुणालाही येतो.
बाकी ज्यांच्यापाशी थबकलो,
साल चाचपली, पान चुरगळून हुंगलं,
आणि ऊन चढत होतं, डब्यातली भाजी आंबत होती,
त्या सगळ्यांपुढे लिहिलं, इतर.
एकूण एक्केचाळीस.
साहेबांनी बेरीज तपासली. बरोबर होती.

"तुमाला काय?"
नाव नाही माहीत, म्हणालो. शेंग असते त्याला,
वाकडी, बकऱ्याच्या शिंगासारखी.
"बकऱ्याच्या नाय, मेंढ्याच्या. मेढशिंगी.
नावातच सांगितलंय की."
आणि एक, पान लांब, खरखरीत,
पांढरी फुलं खाली सांडलेली असायची सकाळी.
"वारस."
मला वाटलं, विचारताहेत.
एक मुलगी आहे, म्हणालो, हडपसरला असते.
त्या इतक्या हसल्या की रांगेतले हसले,
मग पावतीवर लिहिलं, वारस, नग एक.

कुठं पाहिली ही झाडं, त्यांनी विचारलं.
सांगितलं. तक्त्याचंही सांगितलं,
का ते माहीत नाही, रांग खोळंबली होती.
त्या पेन्सिल कानाला लावून म्हणाल्या,
"आमचं बी साळंत एकदा तसंच लिवलं हुतं."
आणि तिसरं रोप स्वतःच काढून ठेवलं, बारतोंडी.
मोई मागितली असती, पण ती नव्हती.
"फुडल्या साली येईल. उन्हाळ्यात निव्वळ काटकी दिसती ती,
मेली समजून उपटू नगा.
तीन उन्हाळे पाणी. मग लाड करायचे नाय."

बसमध्ये तिन्ही रोपं मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, काका, यांची तिकिटं?
धायरीपर्यंत मातीचा ओला वास
आणि विजारीवर चिखलाचे तीन गोल.

सोसायटीच्या सभेत पाम ठरलेत, दारापासून गेटपर्यंत.
मीटरखोलीमागचा तुकडा कुठल्याच ठरावात नाही.
तिथे खणलं. विटांचे तुकडे निघाले,
एक चमचा निघाला, मग मुरूम.
अध्यक्ष जोगळेकर वरून वाकून म्हणाले, हे कसलं झाड?
मी तिन्ही नावं मोठ्याने सांगितली.
त्यांना एकच ऐकू गेलं. वारस कुणाचा, म्हणाले.

रात्री फाईल काढली.
क्रमांक सतरा, घेर बासष्ट, उंची पाच मीटर.
ही मेढशिंगी असावी. तेवीस वारस, बहुतेक.
किंवा एकतीस. उतार आठवतो, क्रम आठवत नाही.
शेरा सगळ्यांपुढे एकच, माझ्याच अक्षरात.
पेन्सिलीने सतरापुढे नाव लिहिलं
आणि प्रश्नचिन्ह.

पिशव्या धुऊन दोरीवर टाकल्यात, परत करायला.
दोनच आहेत.
बारतोंडीची काढताना फाटली.