कूलरच्या दुकानावरचा वर्ग

खाली गफ्फारभाई पत्रा ठोकतात,
वर आम्ही गातो.
मार्च लागला की इंदोऱ्यात असंच.
वाळ्याच्या जाळ्या भिजत घातलेल्या,
जिना ओल्या वासाने भरलेला,
आणि चौथ्या पायरीवर दर शनिवारी
कुणाचा तरी पाय घसरतो.

यंदा सहा जण.
सात एप्रिलला सोनेगावहून दिल्ली, तिथून पुढे,
परक्या म्हाताऱ्यांना उठवायला, बसवायला, जेवू घालायला
एका बर्फाच्या गावी,
ज्याचं नाव डिंपलच्या जिभेवर अजून अडतं.

व्याकरण संपलं. आकडे झाले, औषधं झाली,
‘आजी, कुठे दुखतं’ हे तर झोपेतही येतं.
म्हणून उरलेल्या तासांना गाणी काढली,
तिकडची पोरं शाळा संपताना म्हणतात तसली.
मार्चात निरोप, एप्रिलात नवा वर्ग
आणि मध्ये आठवडाभर
फक्त फुलंच असलेली झाडं.

मी ती पाहिलेली नाहीत.
विहारातल्या एका म्हाताऱ्या भन्तेंकडून भाषा शिकले,
गाणी कॅसेटवरून.
बावीस वर्षांत कॅसेटची सीडी झाली, सीडीचा फोन,
आणि माझ्या पासपोर्टचं पान
कोरंच.

गाण्यात फारसं घडत नाही.
बुटांचं कपाट रिकामं होतं.
फळ्यावरचं शेवटचं अक्षर कुणी पुसत नाही.
वारा येतो, पाकळ्या गळतात,
मुलं फाटकाबाहेर पडतात. बस.

‘आन् मंग फळ?’ टिकेशनं विचारलं.
कोण्या फळाबद्दल रे?
‘फूल गळलं तं फळ धरलं असंन ना, मॅडम.
आमच्या काटोलले संत्र्याचा बहर गळला का
बाबा खूश होतेत.
वाटाण्याएवढी हिरवी गाठ दिसली पायजे फक्त.’
त्या झाडांना फळ नसतं, मी म्हणाले,
बहुतेक नसतं.
‘मंग रडूनच राहिले असतीन ते,’ टिकेश म्हणाला,
आणि सगळे हसले,
आणि मग का कोण जाणे, कुणी हसेना.

मी बटणाची गोष्ट सांगितली.
शेवटच्या दिवशी मुलगा गणवेशाचं दुसरं बटण
तोडून देतो आवडत्या मुलीला.
दुसरंच काहून? काळजाजवळचं म्हणून.
सुमेधनं आपल्या टी-शर्टकडे पाहिलं.
उत्पलानं खिडकीकडे.
खाली ठोकणं तेवढ्यात थांबलं होतं, नेमकं.

विमानतळावर फुलं नव्हती,
ट्रॉल्या होत्या, आणि एक फाटलेली बॅग
जिला डिंपलचे काका दोरी बांधत होते.
मी वर्गात शंभरदा घोकून घेतलेला शब्द
ती रडू आवरत आईला म्हणाली: इत्तेकिमास.
जाऊन येते.
आपल्यातही कुणी ‘जाते’ म्हणत नाही,
जीभ चावतो, ‘येते’ म्हणतो.
आईला जपानी कुठलं!
तिनं फक्त पदर सारखा केला आणि म्हणाली,
‘ये.’

उत्तर बरोबर होतं.
मी एवढी वर्षं शिकवते त्याहून बरोबर.

सोमवारी नवी बॅच.
जिना कोरडा, कूलर विकले गेलेले,
गफ्फारभाई बिडी विझवत तीच चाल गुणगुणतात,
शब्द नाहीत, फक्त ठेका, पत्र्याच्या मापात.
फळ्यावर डिंपलच्या तिरक्या हातचं
गावाचं नाव, या वेळी अचूक.

पुसायला डस्टर उचललं होतं.
ठेवलं.
उरलेल्या जागेत, जरा दाटीवाटीनं,
अ, इ, उ, ए, ओ लिहिलं
आणि म्हणाले, म्हणा.