साठावा महिना

गोळी पिवळी. पाण्यात विरघळते,
तिचा कडूपणा तेवढा विरघळत नाही,
म्हणून माझ्या खिशात साखरेची पुडी.
सरकारी यादीत ती नाही.

आज सकाळपासून सतरा घरं झाली.
नदीच्या अलीकडे बाजरी खांद्याला लागलीय,
वाटेच्या चिखलात गुरांच्या खुरांचे ठसे,
दर ठशात ओंजळभर पाणी.
डासाला तेवढं खूप झालं.

अठरावं घर पोगसाचं.
धाकटी आन्टुमा, वय चौदा महिने,
निम्मी गोळी गिळते, निम्मी माझ्या शर्टावर.
पुन्हा कालवतो. पुन्हा चमचा.
नंतर अर्धा तास बसून राहायचं,
ओकली तर परत द्यायची, असा नियम.

थोरला, देर, रांगेत आपणहून उभा.
करंगळी पुढे केलेली, शाईसाठी.
आधीचा गेला तोच फिरून आला
म्हणून आमच्यात असं नाव ठेवतात.
मिशनच्या कागदावर त्याची जन्मतारीख आहे.
मंगळवारी पाच पुरी झाली.
आज गुरुवार.

"दोन दिवसांत असं काय झालं त्याला?"
पोगसा विचारते. भांडत नाही,
हातातली शियाची फळं सोलत विचारते.

अर्धा तास मोठा असतो.

जिल्ह्याच्या बैठकीत एक डॉक्टरीणबाई आली होती,
फळ्यावर तिने थेंब काढला, थेंबात काटेरी टिंबं.
म्हणाली, रक्ताचीही शाळा असते,
टक्केटोणपे खाऊनच ते शिकतं.
आपण मुलांना तापापासून राखतो,
म्हणजे थोडं शाळेपासूनही राखतो.
किती थोडं, ते मोजणं चाललंय.
मागून कुणीतरी म्हणालं, मग बंद करायचं का?
तिने बाहीने फळा पुसला.
"नाही," म्हणाली. आणि पाणी मागितलं.

मी त्याच शाळेत शिकलो.
हिव भरायचं तेव्हा आई अंगावर
घरातली सगळी लुगडी टाकायची,
तरी खाट वाजायची.
पोटात डावीकडे पाणथरी दगडासारखी,
गावातली म्हातारी बोटाने चाचपून सांगायची,
हा निघेल यातून.
सातव्या वर्षापर्यंत ताप अंगवळणी पडला.
आता चावतात डास, चावोत.
अंग त्यांना ओळखून आहे.

आम्ही चौघं होतो.
शिकलो दोघं.
त्या शाळेची फी कुणी भरली
ते आई कधी बोलली नाही,
फक्त जेवताना दोन वाडगी जास्त काढायची
आणि मग आठवून परत ठेवायची.

म्हणून मला रागावता येत नाही
बाईंवर, नियमावर, मंगळवारवर.
मी पोगसाला जे सांगायचं ते सांगतो:
मच्छरदाणीला भोक पडलंय, आजच शिव.
अंग कोमट लागलं तरी सकाळची वाट बघू नकोस,
रात्र असो, सायकल मागायला माझ्याकडे ये.
ती मान हलवते.
तिने हे ऐकून ठेवलंय, की ऐकून सोडलंय,
तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

आन्टुमा ओकली नाही.
कार्डावर सप्टेंबरच्या चौकोनात फुली मारतो,
तिच्या करंगळीला शाई लावतो,
उद्याची, परवाची गोळी पोगसाच्या हातात मोजून देतो.

देर अजून तिथेच. करंगळी तशीच.
त्याला शाई लावली तर माझा हिशेब खोटा ठरतो.
मी पुडी सोडतो,
उरलेली साखर त्याच्या तळहातावर ओततो.

तो आधी डोळे घट्ट मिटतो,
नाक मुरडतो, सगळा चेहरा आवळून घेतो,
दोन वर्षांच्या सवयीने,
आणि मग जीभ लावतो.