तीस मिली

बरणी कॉफीची होती, आता तुझी आहे.
काच चालते, झाकण प्लॅस्टिकचं हवं,
आतला पुठ्ठा आधी खरवडून काढायचा,
मग पाण्याला उकळी फुटल्यापासून पंधरा मिनिटं.
झुलेइदे नर्सनं एवढं माझ्याकडून घोकून घेतलं.
तरी झाकणाचा कॉफीचा वास जात नाही.

पट्टीवर तुझं अक्षर: मंगळवार, बारा चाळीस.
त्या वेळी बेलेमच्या धक्क्यामागे, कास्तान्या फोडायच्या कारखान्यात
बाकीच्या बायका डबे उघडून बसल्या असतील
आणि तू पोत्यांच्या थप्पीमागे, भिंतीकडे तोंड करून.
तीनदा हात धुतलेस तरी बोटांना कवचाचा वास.
बाहेरून मुकादमबाई दार वाजवणार, आटप म्हणणार,
जणू चावी फिरवली की येतं.
सत्तर मिली.

आज शुक्रवार.
रात्रभर फ्रिजच्या खालच्या खणात ते हळूहळू सुटलं.
गॅस बंद केला, कोमट पाण्यात बरणी धरली,
उकळू दिलं नाही, शपथ.
तैनारानं छोट्या कपाला ओठ लावले,
लपलप करत चाळीस संपवलं
आणि मधेच झोपली,
फ्यूज उडावा तशी.

कपात तीस उरलं.
तीन वाजून दहा मिनिटं.

आई म्हणाली, ओझिएल, ठेव परत बर्फात.
सहा पोरं वाढवली मी, घड्याळ न बघता.
आईला काय सांगू?
या दुधाला विरजण लागत नाही,
साय आली तरी तिचं लोणी काढायचं नाही,
एकदा वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही
आणि ओठ लागले की ते उष्टं.
कुणी दोन तास म्हणतात, झुलेइदे म्हणाली होती,
आपल्या उकाड्यात मी एकच धरते.
"चार दहापर्यंत उठली तर तिचं," मी म्हणालो.
आईनं कप बघितला, मग मला बघितलं.
"आणि नाही उठली तर? टाकवेल तुला?"

बसलो.
तीस मिली म्हणजे तुझी किती मिनिटं,
याचा हिशोब करायला घेतला आणि अर्ध्यात सोडला.
चारच्या फेरीबोटीचा भोंगा झाला.
रोज त्याला शिव्या देतो मी,
आज म्हटलं, वाज रे बाबा, अजून एकदा वाज.
पोरीच्या तळव्याला बोट लावलं.
तिनं जांभई दिली, मूठ गालाखाली घेतली,
आणि श्वास परत त्याच लयीत.

चार दहा.
चार चौदा. ती चार मिनिटं माझी चोरी.
मग नळ सोडला, मोठा,
ओतल्याचा आवाज आईला ऐकू जाऊ नये म्हणून.
पांढरं एक क्षण भांड्याच्या तळाला रेंगाळलं
आणि गेलं.
चार वीसला तैनारा उठली, भुकेली, रागावलेली.
मी बुधवारची बरणी काढली.

सव्वासहाला तू आलीस, थर्मोकोलची पेटी हातात.
चपला काढायच्या आधी विचारलंस, प्यायली?
प्यायली, म्हणालो.
सगळं?
ओट्यावर कप पालथा होता, तू त्याच्याकडे बघत होतीस.
"तीस," म्हणालो.
तू काहीच बोलली नाहीस.
ओल्या ब्लाउजवर कोपर दाबून धरलंस तेवढं,
आणि आई, जिच्याकडून मला टोमणा अपेक्षित होता,
तिनं तुला बसायला खुर्ची सरकवली.

रात्री तू नव्या पट्ट्या कापत होतीस.
"सत्तर एकत्र भरायचं कशाला," म्हणालीस,
"चाळीस भर, तीस भर.
भूक राहिली तर दुसरी उघड."
इतकं साधं.
पण घरात छोट्या बरण्या कुठून आणायच्या?
मी चपला घातल्या.
शेजारच्या इव्हानेतेकडून दोन मिळाल्या, ऑलिव्हच्या,
झाकणं पत्र्याची, म्हणून परत केल्या.
कोपऱ्यावरच्या दुकानदारानं
स्वतःच्या मसाल्याची एक रिकामी केली,
का हवी ते विचारलं नाही.
ती आता उकळतेय.
आठ मिनिटं झाली. अजून सात.